ओटा पुसून तरी निघायचं!

भरलेल्या घराचे फोटो दाखवा, लोक "छान आहे हं" म्हणून पुढे सरकतात. पडक्या, सोडून दिलेल्या घरांचे दाखवा, मग बघा कशी वाचा फुटते एकेकाला! मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण विद्या, दोघी रिटायर झाल्यापासून हाच उद्योग करतोय. रिकाम्या इमारतींत शिरायचं, मागे राहिलेल्या वस्तूंचे फोटो काढायचे. बुधवार पेठेतले सलीमभाई आम्हाला फ्रेमा करून देतात. त्यांच्याच दुकानावरच्या हॉलमध्ये आम्ही प्रदर्शन लावलं आणि किश्शांचा नुसता ढीग झाला.

खरं तर विद्याचं लक्ष प्रदर्शनात नव्हतंच. कर्वेनगरातली त्यांची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेलेली. सगळे बिऱ्हाड हलवून मोकळे झाले, फक्त हिचे वडील, आप्पा, हलेनात. वय ब्याऐंशी. अख्ख्या बिल्डिंगमध्ये दिवा लागायचा तो या बापलेकीच्याच घरात. भाड्याची जागा बघून ठेवली होती, तर आप्पा रोज नवीन खुसपट काढायचे. कधी तिथे ऊन येत नाही, कधी जिना उंच आहे. "अहो आप्पा, तिथे लिफ्ट आहे!" "लिफ्ट बंद पडली की जिनाच ना?" बोला आता! विद्या रडकुंडीला आली होती.

असो. पहिल्याच दिवशी सदाशिव पेठेतल्या एक काकू आल्या. एका फोटोत स्वयंपाकघर होतं, ओट्यावर कुकर, सांडलेला चहा तसाच वाळलेला. काकू चष्मा सावरून पाच मिनिटं बघत राहिल्या. मला वाटलं, गहिवरल्या. तर म्हणाल्या, "कोणाचं हो घर हे? ओटा पुसून तरी निघायचं!"

"अहो काकू, ती इमारत पाडणार होते," विद्या म्हणाली.

"म्हणून काय झालं? पाडायला येणारी माणसं काय म्हणतील!"

मी हसू दाबत मागे वळले, तर सलीमभाई गंभीरपणे मान डोलावत होते. "बरोबर आहे त्यांचं," म्हणे!

मग एक मुलगी आली, अमरावतीची. हिंजवडीत नोकरी आणि गळ्यात कंपनीचं कार्ड. एका खोलीच्या फोटोपुढे थबकलीच. भिंतीतून पिंपळ उगवलेला, खिडकीचं दार लोंबतंय.

"मॅम, ही रूम खाली आहे का?"

"अगं, पडकी आहे ती. वर छत नाही."

"म्हणजे टॉप फ्लोअर! पाणी येते का पण?"

मी म्हटलं, "पावसाळ्यात भरपूर येतं." ती हसली, मीही हसले, आणि मग तिनं तिच्या पीजीमधल्या पाण्याची जी कथा सांगितली, त्यापुढे आमचा पिंपळवाला फ्लॅट खरंच बरा वाटला.

मांजरीहून एक गृहस्थ आले, टोपी-पायजमा, सोबत सुनबाई. तिकडच्या एका बंद कारखान्याच्या गेटवरची मोडकी खुर्ची आम्ही टिपली होती. ते एकदम ओरडले, "आरं, ही तर माजी खुर्ची हाय!" अख्खी नोकरी त्या गेटवर केली होती त्यांनी. रिटायर झाल्यावर खुर्ची मागायला गेले, तर नवा वॉचमन आत सोडेना. "मला म्हनतो, आत कुनी न्हाई. म्हटलं, बाबा, मला मानूस नको, खुर्ची पायजे!"

सगळा हॉल हसला. गृहस्थ मात्र फोटोपुढून हलेनात. जाताना हळूच म्हणाले, "ताई, फोटू जरा खाली लावता का? बसल्यावानी वाटंल." आम्ही लावला. त्यात काय अवघड होतं!

आणि एक बाई. त्यांचं घर आमच्या फोटोत आहे हे ना त्यांना ठाऊक, ना आम्हाला. फोटो साधा होता. रंग उडालेली भिंत, आणि तसबिरी काढून नेल्यावर राहतात ते उजळ चौकोन. बाईंनी मोबाईलवर व्हिडिओ कॉल लावला, लेकीला भिंत दाखवली आणि एकेका चौकोनावर बोट ठेवत सांगू लागल्या. "हे आजोबा. ही आजी. हे आमचं लग्न. हा वाकडा दिसतोय ना, तो तुझ्या बाबांनी स्वतः ठोकलेला." पलीकडून लेक म्हणाली, "आई, मला सगळे दिसतायत गं." मी सरळ खाली जाऊन चहा पिऊन आले. मला असलं सोसत नाही.

शेवटच्या दिवशी मात्र आप्पा स्वतः आले. रिक्षा करून, विद्याला न सांगता! तिच्या तोंडचं पाणीच पळालं. आधीच घर सोडायचं नाव काढत नाहीत, त्यात ही पडकी घरं बघून काय म्हणतील? आप्पा काठी टेकत एकेक फोटो बघत गेले आणि एका बंद दारापुढे थांबले. दाराच्या चौकटीवर डोअरबेल तशीच राहिलेली.

"ही वाजते?"

"नाही आप्पा, लाईट तोडलेत तिथले."

मग मला म्हणाले, "हिची आई होती तोवर किल्ली खिशात असूनही मी बेलच वाजवायचो. दार उघडायला घरात माणूस आहे, याचं फार सुख असतं हो." आणि विद्याकडे वळून, "चल, जाऊ त्या नव्या जागेत. पण आपल्या दाराची बेल मी काढून आणणार."

चार दिवसांत बिऱ्हाड हललं. आप्पांनी बेल पिशवीतून स्वतः नेली. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "काका, या दाराला आहे की बेल." आप्पा म्हणाले, "ही आत बसवायची. स्वयंपाकघराच्या चौकटीला." तो विद्याकडे बघायला लागला. विद्या म्हणाली, "बसवा."

परवा विद्याला विचारलं, काय म्हणतात आप्पा? ती म्हणाली, "काल फिरून आले. किल्लीने दार उघडलं, चपला काढल्या, आणि स्वयंपाकघरापाशी येऊन बेल वाजवली. मी आत पोळ्या लाटत होते."

"मग? तू काय केलंस?"

"काय करणार! पिठाच्या हातांनी पुढे झाले आणि म्हटलं, 'आलात?'"