दुसरा कासरा

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. सासऱ्यांनी धम्म स्वीकारला तेव्हाच घरातला देव्हारा काढला, अंगारे-धुपारे बंद केले. सुनेच्या डोक्यावरचा पदर तेवढा काढायचा राहून गेला होता... त्याचीच ही गोष्ट.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. आसेगाव, मंगरूळपीर तालुका – तेव्हा आम्ही अकोला जिल्ह्यात होतो. नवरा मंगरूळला बाजाराला गेलेला, सासरे वावरात. एका खोलीच्या घरात मी आणि माझी महिन्याभराची लेक. दुपार कलली आणि आभाळ काळंनिळं झालं, धुळीचा लोट आला, मागोमाग गारा – लिंबाएवढ्या! टिनांवर असा आवाज, की लेकीचं रडणं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. मी दाराला आतून कडी घातली आणि तिला बाजेखाली सरकवलं.

तेवढ्यात वाऱ्याने छप्पर उचललं. टिनांसोबत त्यांच्याखालची आडवी लाकडी बल्लीही हलायला लागली. ती पडली असती तर थेट बाजेवर... आणि पोरीला घेऊन बाहेर जावं तर गारा. खुंटीवर बैलांचे दोन जुने कासरे होते. दोन्ही बल्लीला बांधले आणि एकाला लोंबकळले. पण माझं वजन ते केवढं! माझेच पाय जमिनीवरून सुटले. मी रडायला लागले, खरंच सांगते.

अचानक बल्ली खाली बसली. दुसऱ्या कासऱ्याला कोणीतरी लटकलं होतं. चिखलाने भरलेले पाय, धोतराचा ओला काठ. एवढ्या धांदलीतही मी एका हाताने पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली.

"मामाजी, घट धरा!"

उत्तर नाही. एरवी सासऱ्यांचं तोंड मिटायचं नाही, पण तेव्हा ते सुचायला डोकं ठिकाणावर कुठे होतं?

गारा थांबल्या. लेकीला उचलून छातीशी धरलं, "मामाजी, चहा मांडतो," मी म्हणाले – आणि दार वाजलं.

"पोरी, कडी काढ वं!"

दारात सासरे, कपाळावर टेंगूळ. मी मागे वळून पाहिलं. खोलीत कोणी नाही. दुसरा कासरा तेवढा हलत होता.

"मी तं वावरातच होतो, बंडीखाली दडून," सगळं ऐकून ते म्हणाले. "तोंड नाही पाह्यलं त्याचं?"

"मले वाटलं तुमीच आहा. कशी पाहू?"

त्यांनी तो कासरा हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "आजपासून माह्यासमोर पदर घेऊ नोको. मानसाचं तोंड पाह्यत जाय."

गावात विचारलं, तर जो तो आपापलं छप्पर धरून बसलेला. आतून कडी असताना कोण आलं, कसं गेलं... मला आजही सांगता येत नाही. ती लेक आता स्वतः आजी झाली आहे. एकदा मान वर केली असती, तर तिच्या जिवासाठी कोणाचे आभार मानायचे, एवढं तरी कळलं असतं.