चक्कर येते का?

"चक्कर येते का?" फाइलवाल्या मुलीने विचारलं, आणि वरच्यांच्या तोंडून "नाही" कधी निघून गेलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

मुलीने कागदावर खूण केली. डोकं दुखतं? नाही. एकाचे दोन दिसतात? छे. आम्ही दिलेल्या औषधांशिवाय दुसरी कुठली गोळी, काढा, पूड? नाही गं बाई. शेजारच्या स्टुलावर बसलेली त्यांची बायको मांडीवरची पिशवी घट्ट धरून वजनकाट्याकडे बघत होती. या खोलीत बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच म्हणा. एक टेबल, फायलींची दोन कपाटं, आणि दारावर पाटी: नव्या औषधांच्या चाचण्या.

वरचे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. लोखंडाच्या यार्डात त्यांनी सत्तावीस वर्षं क्रेन चालवली. रोज सकाळी शहाण्णव पायऱ्यांची उभी शिडी चढायची, काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि खालच्या माणसाच्या हातवाऱ्यांवर नजर ठेवून टनावारी पाइप उचलायचे. खालची माणसं माना वर करून त्यांच्याशी बोलायची, म्हणून ते वरचे. पुढे गल्लीत आणि नातेवाइकांतही तेच नाव चिकटलं. बायको मात्र अहोच म्हणायची.

फुप्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा तो फुप्फुसापुरता राहिलेला नव्हता. पहिलं औषध आठ महिने चाललं. दुसऱ्याने नुसते केस नेले आणि काम काहीच केलं नाही. मग डॉक्टरबाईंनी एका नव्या गोळीची चाचणी चालू असल्याचं सांगितलं. वरच्यांनी जागच्या जागी होकार दिला. लग्नाला हो म्हणायलासुद्धा त्यांनी दोन दिवस घेतले होते.

पण नुसत्या होकारावर तिथे कुणी घेत नव्हतं. अटींचे सात कागद होते. वय अठराच्या वर हवं, ते होतं, चांगलं बेचाळीस वर्षांनी वर होतं. गाठीच्या तुकड्यात एक ठरावीक बिघाड सापडायला हवा, तोही सापडला. बिघाड सापडला म्हणून आनंदाने जिलेबी वाटावीशी वाटणारा हा जगातला बहुधा एकमेव आजार असेल. आधीची औषधं घेऊन झालेली हवीत. मूत्रपिंड, यकृत, रक्त ठीक हवं. दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ माणूस अंथरुणाबाहेर हवा, आपली आंघोळ-कपडे आपण करणारा. घरी खुर्चीत बसून एकेक अट पार करताना वरच्यांना हुरूप आला होता. चौथ्या पानावर मात्र ते थबकले. मेंदूत उपचार न झालेली गाठ असल्यास सहभागी होता येणार नाही. त्यांनी कागदांची घडी घातली आणि ते पुन्हा उघडले नाहीत.

कारण तीन आठवडे चक्कर येत होती. पहिल्यांदा आली ती न्हाणीघरात. तांब्या उचलायला वाकले आणि समोरची भिंत सावकाश एका अंगाला कलली. नळ धरून ते उभे राहिले. शंभर फुटांवर वारा सुटला की केबिन हलायची, तेव्हा त्यांना कधी भीती वाटली नव्हती. इथे फरशीवर, ओल्या पायांनी, चार फुटांच्या मोरीत त्यांची पाचावर धारण बसली. बाहेरून बायकोने विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही."

हे काही नाही फार जुनं होतं. यार्डात दर वर्षी फिटनेस असायची. कंपनीचा डॉक्टर यायचा, डोळे, कान, रक्तदाब बघायचा, एका पायावर उभं करायचा, आणि शेवटी विचारायचा, चक्कर येते का? क्रेनवाल्यांत हा शब्द कुणी चुकूनही तोंडातून काढत नसे. एकाने प्रामाणिकपणे हो म्हटलं होतं. त्याला त्याच दुपारी खाली उतरवलं आणि गेटवर ट्रकांचे नंबर लिहायला बसवलं, तो निवृत्तीपर्यंत तिथेच. वरच्यांना कानाच्या दुखण्यामुळे अधूनमधून गरगरायचं. म्हणून फिटनेसच्या सकाळी सगळे घेत तशी तेही, गाडी लागू नये म्हणून लोक घेतात ती साधी गोळी घ्यायचे. डोळ्यांचा तक्ता तर पाठच होता. सत्तावीस वर्षं, सत्तावीस वेळा पास.

आजही सकाळी त्यांनी गुपचूप तीच गोळी घेतली होती. मेंदूचा स्कॅन दहा दिवसांनी होता, आणि स्कॅनचा तक्ता काही पाठ करता येत नाही, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. पण आजचा दिवस निभावू, पुढचं पुढे, या हिशेबाने सबंध नोकरी निभावलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नव्हतं. चाचणीतली नवी गोळी मिळाली नाही तर पुढे काहीच नाही, एवढंच त्यांना दिसत होतं. आणि भीती वाटत होती. साधी, गर्दीत हात सुटलेल्या पोराला वाटते तशी भीती.

डॉक्टरबाई आल्या. छाती तपासली, डोळ्यांत उजेड पाडला. "फरशीच्या या रेषेवरून चाला बघू. टाचेला अंगठा लावून."

वरचे चालले. दात आवळून, नजर दाराच्या कडीवर रोवून, अकरा पावलं. बारावं जरा वाकडं पडलं, ते त्यांनी खोकल्यावर ढकललं.

"छान," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि सहज बायकोकडे वळल्या. "घरी कसे असतात?"

बायकोने वर बघितलं. यार्डातून चौकशी आली की ती हसून सांगायची, ठणठणीत आहेत. वरच्यांना वाटलं, आताही तेच सांगेल. तिने पिशवीत हात घातला, गोळ्यांची एक पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. सहांतल्या चार जागा रिकाम्या होत्या.

"यांना चक्कर येते," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले. आंघोळीला नळ धरून उभे राहतात. आज ही गोळी गिळून आलेत."

वरच्यांचा चेहरा पडला. "अगं, काय बोलतेयस तू?" एवढंच त्यांना म्हणता आलं. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फोन उचलला आणि स्कॅन त्याच दुपारी करून घेतला.

संध्याकाळी चारला त्यांनी दोघांना समोर बसवलं. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे तोल सांभाळला जातो तिथे, वाटाण्याएवढी गाठ होती आणि भोवती सूज. "दहा दिवस थांबलो असतो तर एखादा झटका आला असता, आणि तो कुठे आला असता सांगता येत नाही. सूज उतरायचं औषध आजच सुरू करू, मग गाठीवर किरणं. त्यानंतर चार आठवडे थांबून परत स्कॅन. गाठ शांत असली तर या, पुन्हा सगळं तपासू."

"म्हणजे मी नापास," वरचे म्हणाले.

"काका, माणसं गाळायची म्हणून अटी घातलेल्या नाहीत. गोळी नवी आहे. मेंदूत सूज असताना ती काय करेल हे आम्हालाच ठाऊक नाही. ते तुमच्यावर करून बघायची माझी तयारी नाही. उपचार होऊन गाठ शांत झालेली असली तर चालते, पाचव्या पानावर आहे बघा."

"तोवर जागा राहील?"

"तीन उरल्यात. शब्द देता येत नाही."

बाहेरच्या बाकावर दोघं औषधाच्या चिठ्ठीची वाट बघत बसले. वरचे म्हणाले, "तुला सगळं माहीत होतं. माझ्याशी तरी आधी बोलायचंस."

"बोलले असते तर तुम्ही ती पट्टी लपवली असतीत."

ते खरंच होतं.

"फिटनेसच्या दिवशी चहाच्या कपाशेजारी ती गोळी मीच ठेवायचे," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता, भाजीचं काय करू विचारताना असतो तसा. "तुम्ही पास होऊन यायचात. खूश असायचात. आणि मग वर्षभर रोज त्या शिडीवर चढायचात. दुपारी अवेळी कुणी दार वाजवलं तर मला उठून कडी काढवायची नाही. वाटायचं, यार्डातूनच कुणी आलंय."

वरच्यांनी तिच्याकडे बघितलं. "कधी बोलली नाहीस ते?"

"तुम्ही पास झाला होतात ना," ती म्हणाली. "तुम्हाला ही भीती तीन आठवडे वाटतेय. मला सत्तावीस वर्षं."