लालासाहेबांचा लावून ठेवलेला सेट

लालासाहेब मोडेमच्या डबीला कान लावून बसले हुते, एक हात वर. म्हंजे सगळ्यांनी गप बसायचं. डबीत किर्र किर्र झालं, नेट लागलं, आन् त्याच वायरीवरचा आमच्या सबंध गल्लीचा फोन मेला.

साताऱ्यात आमच्या गल्लीत फोन त्यो एकच. लग्नाची पत्रिका कुणाची बी असू द्या, नंबर लालासाहेबांचा, म्होरं पी.पी., म्हंजे शेजाऱ्याचा फोन.

लालासाहेब फौजेत वायरलेसवर हवालदार हुते. पोरगा महेंद्र भरतीला न्हाई म्हणला, भांडून बंगळूरला कॉम्प्युटरच्या नोकरीला गेला. जाताना म्हणला, "पत्र न्हाई येणार. आता मेलचा जमाना हाय." मग ह्यांनी जुना कॉम्प्युटर आणला. फौजेत वायरलेसचा सेट लावून ठेवायचं, तसं नेट रातंदिस लावून ठेवलं. बंद केलं आन् तेवढ्यात मेल आली, तर ती हवेत वाया जाणार, आसं त्यांचं मत.

"आवं, महेंद्रला मेलचा पत्ता धाडलाय का?" मी इचारलं.

"सिग्नलला पत्ता लागतो व्हय रं? त्यो सोडंल, आपण पकडायचं. नववीतनं पळालेल्यानं मला शिकवू नगं."

पळालो ते खरंच. पर गल्लीत त्यांना कुणी येडं म्हणलं की मी बाह्या सारायचो. माणूस येडाच हुता, पर आमचा हुता.

एका रविवारी शेजारची साळूबाई आली. तिची अंजना सांगलीला दवाखान्यात अडलेली. जावयाचा फोन यायचा हुता.

"ती वायर काढा."

"ड्युटी सोडून?"

"तुमचं पोरगं रुसलंय. माझी पोर अडलीय." तिनं वायर उपटली. मी ती फोनला खोचली.

जरा वेळानं घंटी वाजली. साळूबाईनं झडप घातली, ऐकलं, आन् रिसीव्हर लालासाहेबांच्या हातात दिला. "माझा न्हाई. महेंद्र हाय."

लालासाहेब ताठ उभं राहिलं. "हवालदार लालासाहेब बोलतोय. ओव्हर."

पलीकडनं पोरगा काय तरी बोलला आन् थांबला. ह्ये आपलं वायरलेसवानी त्याच्या ओव्हरची वाट बघत गप.

"आता बोला की," साळूबाई वराडली.

"जेवलास का रं?" लालासाहेब म्हणलं.

एवढंच झालं. साळूबाईला लाइन मोकळी पायजे हुती. सांजच्याला जावयाचा फोन आला, नात झाली.

वर्षानं महेंद्रच्या बायकूनं, अक्षतानं सांगितलं. त्यो दर रविवारी बूथवरनं फोन लावायचा. दर रविवारी एंगेज. त्याला वाटायचं, बापानं रागानं रिसीव्हर काढून ठेवलाय.