नंबर कुणाचा?

भिवसन नानांना कुणी नाव विचारलं, की ते आधी बिल्ल्याचा नंबर सांगायचे. "चारशे सत्तावीस, भिवसन." जणू चारशे सत्तावीस हेच त्यांचं पाळण्यातलं नाव होतं. खाकी शर्टाच्या खिशावरचा तो बिल्ला ते रोज सकाळी बाहीने पुसायचे आणि मगच रिक्षाला हात लावायचे. जालना स्टेशनसमोरच्या स्टँडवर त्यांच्यापेक्षा तरुण आणि मोठ्या आवाजाचे पुष्कळजण होते. पण गाडी आली, माणसं बाहेर पडू लागली, की नाना रांगेकडे बघून एकच प्रश्न विचारायचे, "नंबर कोनाचा हाय?" ज्याचा असेल तो पुढे यायचा. बाकीचे जागेवर थांबायचे.

मी तेव्हा बदनापूरहून रेल्वेने कॉलेजला यायचो. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मीच पहिला, त्यामुळे कुठे कसं बोलावं हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी रांगेतली सगळ्यात मागची, रिकामी रिक्षा बघून तिच्यात जाऊन बसलो. ती नानांची होती. ते म्हणाले, "उतर बाबा. माझा नंबर यायला टाइम हाय. पुढच्याच्या पोटावर पाय द्यायचा का?" मी घाबरून उतरलो. त्यांनी मला हाताला धरून पहिल्या रिक्षात बसवलं आणि चालकाला सांगितलं, "कालेजात सोड. आज पहिला दिवस दिसतो ह्याचा, जल्दी ने." तेव्हापासून माझं नाव कॉलेज पडलं. कैलास हे नाव स्टँडवर कुणालाच माहीत नव्हतं.

गाडी उशिरा आली, की मी नानांशेजारी लिंबाखाली बसायचो. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. नाना स्वतः बारा-तेरा वर्षांचे होईपर्यंत मंठ्याकडच्या माळावर कळपामागे हिंडले होते. ते सांगायचे, "हौदावर पानी पाजताना बघितलं हाय मी. मोठं मेंढरू धक्का देऊन पुढं जातं, आन् कोकरू तहानलेलंच ऱ्हातं. मेंढराला काय कळतं? पन मानसानं तसं करू नये. म्हनून नंबर." एवढं बोलून ते तंबाखू मळायला लागायचे.

दुसऱ्या वर्षी मी जालन्यात खोली केली आणि बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांची मोटरसायकल मला दिली. ते शेती संशोधन केंद्राच्या शेतावर मजूर आहेत. गाडी दिल्यापासून ते कामावर सायकलने जातात. त्या वर्षी मी मोबाइलवर एक ॲप घेतलं. सवारीने मोबाइलवर बोलवायचं, आपण गाडीवर बसवून सोडायचं. सकाळी दोन तास आणि दुपारी कॉलेज सुटल्यावर दोन तास. खोलीचा आणि मेसचा खर्च त्यातून निघत होता. अडचण एकच होती. भाड्याने चालवायच्या गाडीची पाटी पिवळी असते, घरच्या गाडीची पांढरी. माझी पांढरी होती. परमिट नव्हतं, बिल्ला नव्हता. आरटीओच्या पथकाने पकडलं असतं तर गाडी जप्त झाली असती. बापूंची गाडी.

मी हेल्मेट घालायचो, तोंडाला रुमाल बांधायचो आणि स्टेशनच्या सवारीला फोन करून मालधक्क्याच्या मागच्या गल्लीत बोलवायचो. स्टँडसमोर कधी थांबायचो नाही. गाडी खोलीवर ठेवून नानांना भेटायला मात्र चालत जायचो. हे आज लिहितानाही मला बरं वाटत नाही.

एकदा नानांनी मला कोरे कागद दिले. "कालेज, अर्ज लिहून दे. आरटीओ सायबाला. हे पांढऱ्या पाटीवाले सवाऱ्या उचलून राह्यले. आमी परमिट काढलं, पासिंग केलं, इमा भरला, आन् हे कोन कुठले? नंबर न्हाई, काही न्हाई." मी नाही म्हणायला हवं होतं, किंवा खरं सांगायला हवं होतं. दोन्ही जमलं नाही. मी लिंबाखाली बसून, चांगल्या अक्षरात, ॲपवर चालणाऱ्या सर्व खाजगी दुचाक्या तात्काळ बंद कराव्यात, असा अर्ज लिहिला. 'तात्काळ' हा शब्द माझा होता. नानांनी अर्ज माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "बराबर लिव्हलं. पोराच्या हातात वजन हाय."

त्या अर्जावर सगळ्यांच्या सह्या व्हायच्या होत्या, तेवढ्यात ती दुपार आली.

सवारी एक गृहस्थ होते, हातात फायलींची पिशवी. त्यांना कचेरीत चारच्या आत पोचायचं होतं. मी फोनवर मालधक्क्यामागे या म्हणालो तर ते चिडले. "मी स्टेशनच्या दारात उभा आहे. यायचं असेल तर इथे या." मी गेलो. स्टँडवर सातआठ रिक्षा उभ्या होत्या. नाना दिसत नव्हते. वाटलं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. ॲपमध्ये सवारीकडून चार आकडे विचारून घ्यावे लागतात, त्याशिवाय फेरी सुरू होत नाही. घाईत, रुमालातून आवाज जाईना म्हणून मी जरा मोठ्याने म्हणालो, "नंबर सांगा, नंबर!"

"माझाय!" मागून आवाज आला.

तो बाळू होता. रांगेत पहिला. त्याला वाटलं, कुणीतरी नंबर कुणाचा म्हणून विचारलं. तो हसत पुढे आला, सवारीची पिशवी घ्यायला त्याने हातही पुढे केला. मग त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या मोबाइलकडे बघितलं, आणि वाकून गाडीची पाटी बघितली.

"आरं या रे समदे! सापडला!"

मी गाडी सुरू करण्याआधी चावी त्याच्या हातात होती. पाचसहाजणांनी गराडा घातला. कुणीतरी हेल्मेट काढलं, कुणीतरी रुमाल ओढला.

"आयला, हा तर कालेज," बाळू म्हणाला. "ह्यानंच तर आपला अर्ज लिव्हला की रे!"

कुणीतरी हसलं. ते हसणं मारापेक्षा वाईट होतं. बाळूने फोन काढला. "पथकाला फोन लावतो. गाडी जाऊ द्या ह्याची. मंग लिही म्हनावं अर्ज, जेलात बसून."

"फोन ठेव." नाना चहाच्या टपरीकडून येत होते. हळूहळू, नेहमीसारखे. जवळ आल्यावर त्यांनी माझा चेहरा अगदी जवळून बघितला, जणू ओळख पटत नव्हती. मी "नाना" एवढंच म्हणालो. त्यांनी मान फिरवली. बाळूला विचारलं, "नंबर कोनाचा व्हता?"

"माझा."

"मंग सवारी घेऊन जा."

ते गृहस्थ आता तापले. "मी का जाऊ? तुमची रिक्षा चार माणसं भरल्याशिवाय हलत नाही. एकट्याने सोडा म्हटलं तर तोंड फिरवता. म्हणून माणसं मोबाइल उघडतात. यात ह्या मुलाची काय चूक?"

स्टँडवर नानांशी असं कुणी बोलत नसे. मला वाटलं आता भांडण पेटणार. नानांनी रांगेकडे बघितलं. मग म्हणाले, "ते बी बराबर हाय तुमचं." आणि बाळूकडे वळले. "एकट्याला घेऊन जा. वाटंत सीट भरू नको."

"नाना, एकाच सवारीवर?"

"सायेब काय बोलले ते ऐकलं न्हाई का? जा."

बाळूने चावी नानांच्या हातावर आपटली आणि गेला. मी हात पुढे केला. नानांनी चावी खिशात टाकली, बिल्ल्यामागच्या. "नंबराला लाग," ते म्हणाले.

मला समजलं नाही.

"गाडी ढकल आन् सगळ्यात मागं लाव. स्टँडवर सवारी घ्यायची हाय ना तुला? मंग नंबराला लाग."

मी गाडी ढकलत रांगेच्या शेवटी नेली. पुढे सहा रिक्षा. एक गेली की मी गाडी चार पावलं पुढे ढकलायचो. जाणारा प्रत्येक जण काही ना काही बोलून जायचा. "का रे कालेज, ॲप बंद पडलं का?" "अर्ज लिव्हतो का अजून एक?" रस्त्यावर जीप दिसली की ती पथकाचीच वाटायची आणि मी पाटीच्या आड उभा राहायचो. नानांनी पथकाला फोन केला आहे की नाही, मला माहीत नव्हतं. ते लिंबाखाली पाठ करून बसले होते. माझ्या डोळ्यांपुढे बापूंची सायकल येत होती. आणि खरं सांगायचं तर जीप आली असती तरी चाललं असतं, पण नानांनी एकदा वळून बघावं, असंही वाटत होतं.

ऊन उतरल्यावर माझी गाडी पहिली आली. नाना उठले.

"नंबर कोनाचा हाय?"

"माझा," मी म्हणालो.

त्यांनी चावी दिली. "आता तुझा नंबर आला. जा."

"सवारी?"

"सवारी कशी देऊ? पाटी पांढरी हाय तुझी. घरी जा. उद्या ये, कागद घेऊन."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. माझा अर्ज त्यांनी चार घड्या करून ठेवला होता. म्हणाले, "बंद करा असं काट. नंबरात आना, असं लिही. ह्या पोरांना बी परमिट द्या, बिल्ला द्या, इमा लावा. सवारी पडली, हातपाय मोडला, तर जबाब कोन देनार, ॲपवाला का पोरगा, ते ठरवा. आन् खाली आमचं बी लिही. एकट्या सवारीला आमी न्हाई म्हननार न्हाई." शेवटच्या वाक्यावरून स्टँडवर मोठा वाद झाला. बाळूने सही केली नाही, आणखी तिघांनी केली नाही. नानांनी सर्वांत वर सही केली: आधी चारशे सत्तावीस, मग भिवसन. अर्जाची पोच मिळाली. पुढे काय झालं, मला ठाऊक नाही.

मी त्या दिवसापासून ॲप काढून टाकलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल. नंतरही सात-आठ वेळा मी सवारी घेतली. पण प्रत्येक वेळी नंबर सांगा म्हणताना जीभ अडायची. शेवटी झेरॉक्सच्या दुकानात काम धरलं.

मागच्या महिन्यात नानांचा फोन आला. लायसनची मुदत संपत होती, फॉर्म भरायला ये म्हणाले. मी आरटीओ ऑफिसला पोचलो तेव्हा ते पायरीवर बसले होते. डोळ्यांच्या डॉक्टरकडून सकाळीच आले होते. दोन्ही डोळ्यांत दोष निघाला होता, लायसनसाठी लागणारा दाखला मिळणार नव्हता. त्या दुपारी त्यांनी माझा चेहरा इतक्या जवळून का बघितला, ते मला तेव्हा कळलं.

एक एजंट आमच्याजवळ आला. "नाना, टेन्शन कशाला घेता? दाखला मी आणतो. डॉक्टर डोळे बघत बी न्हाई. तुमी इतक्या वर्षांचे मानूस." मी नानांकडे बघितलं. मला वाटत होतं त्यांनी हो म्हणावं. रिक्षा गेली तर ते काय करणार होते?

"मंग मी कोनत्या तोंडानं पांढऱ्या पाटीवाल्याला बोलू?" नाना म्हणाले. एजंट हसून निघून गेला. नानांनी बिल्ला काढला, बाहीने पुसला आणि आतल्या खिशात ठेवला. शर्टावर त्या जागी गर्द खाकी गोल उरला होता, बाकी सगळा रंग उडालेला.

"चला नाना, मी सोडतो," मी म्हणालो.

ते गाडीपाशी आले. वाकून पाटी बघितली, पार नाक टेकेपर्यंत. "अजून पांढरीच हाय."

"भाडं नाही घेणार."

"मंग बसतो. मंग मी सवारी न्हाई." ते माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे बसले. मी गाडी सुरू करणार, तर म्हणाले, "इचार की."

"काय?"

"मानूस बसल्यावर इचारतो ना तू."

मी आरशात बघितलं नाही. "नंबर सांगा," म्हणालो.

"चारशे सत्तावीस," नाना म्हणाले. त्या दिवशी त्यांनी पुढे नाव जोडलं नाही.