पहिला हात कुणावर बसवावा

जव्हारच्या बाजारात बसणाऱ्या त्या न्हाव्याचं नाव मी कधी विचारलं नाही. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजत तो शिकाऊ पोरांना सांगायचा, "पहिला हात डोंगरातल्या माणसावर बसवा. फुकट करा. कापलं तरी तो दरबारात तक्रार नेत नाही."

एकदा सूर्यमाळच्या डोंगरातला एक म्हातारा शिकाऊ पोराच्या हाताखालून रक्ताळलेल्या हनुवटीने उठला. मी भडकलो. "सगळ्यांची कातडी सारखीच!"

"मग बसा की, भाऊ," न्हावी हसला.

मी बसलो. पोराचा वस्तरा घसरला, माझाही गाल कापला. माझा मुद्दा सिद्ध झाला.

न्हाव्याने पोराला धपाटा घातला. "गाढवा, माणूस बघ जरा! हे भाऊ पत्रकं छापतात!"

मग त्याने स्वतः माझ्या गालावर तुरटी फिरवली. म्हातारा खांद्यावरच्या फडक्याने हनुवटी दाबून बघत होता.