मशीनच्या खडखडाटाखाली

चौकातल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणायचे. हाताला सफाई होती, पण माणूस महाहट्टी. एकदा शिवण सुरू केली की ती संपेपर्यंत त्यांचा पाय पायडलवरून निघायचा नाही. गिऱ्हाईक उभं राहो, फोन वाजो, बायको हाक मारो, मास्तरांचं आपलं एकच, "हूं, हूं." मध्येच थांबलं की टाका बिघडतो म्हणे. बायको मागच्या स्टुलावर काजं-बटणं करत बसायची. "तुमच्याशी बोलण्यापेक्षा इस्त्रीशी बोललेलं बरं, ती निदान तापते तरी," असं म्हणून स्वतःच हसायची. मग तिला ताप आला आणि बघता बघता ती गेली. स्टूल तेवढं राहिलं.

तिच्या फोनमध्ये एक रेकॉर्डिंग सापडलं, आजारपणाच्या आदल्या दिवसाचं. लेक दूरच्या शहरात नोकरीला. आई तिला निरोप बोलूनच पाठवायची. हा पाठवायचा राहिला होता. फोन मांडीवरच्या कपड्यांत दबला असणार, कारण आवाज इतका बारीक की काही म्हणता काही कळेना. काय सांगायचं होतं तिला? मास्तरांचा जीव कासावीस झाला.

लेकीनं फोनवरून मार्ग सांगितला. "बाबा, आवाज वाढवायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे. ते दुकानातल्या बिलांच्या कॉम्प्युटरवर घ्या. नाहीतर मला पाठवा, मी करते."

"आधी मी ऐकणार," मास्तर म्हणाले. हट्टी ते हट्टीच.

पडद्यावर तिचा आवाज धावदोऱ्यासारखा दिसत होता, बारीक आणि सरळ. मास्तरांनी तो सगळा निवडला, आवाज वाढवायचा पर्याय उघडला, आकडा चढवला. रेघ जाड झाली. लावून बघतात तर नुसता खडखडाट!

"कुठलं हे भिकार मशीन मध्ये कडमडलं?" ते वैतागले. आकडा आणखी चढवला, तसा खडखडाटही चढला. सॉफ्टवेअर बिचारं काय करणार? त्याला सगळे आवाज सारखेच.

पुन्हा ऐकताना खडखडाटात मधूनच एक 'खट्' आलं. चामडी पट्ट्याचा जोड चाकावर आला की यायचं तसं. मशीन त्यांचंच होतं. मास्तरांनी स्पीकरला कान लावला.

"अहो, जरा थांबवता का ते? पोरीशी बोलायचंय."

खडखडाट. मग त्यांचाच आवाज, "हूं, हूं." पुन्हा खडखडाट, लांबलचक. कुणाच्या तरी पडद्यांची शिवण असावी.

"बरं, राहू दे. नंतर बोलते."

रेकॉर्डिंग तिथेच संपलं.

थोड्या वेळानं लेकीचा फोन आला. "आलं का ऐकू? काय म्हणाली आई?"

काहीतरी गोड थाप मारावी असं मास्तरांच्या मनात येऊन गेलं. पण समोर ते स्टूल होतं.

"नंतर बोलते म्हणाली," ते म्हणाले. "मी मशीन थांबवलं नाही गं."