एका मार्काने हुकलेले

माझ्या नणंदेला बसता येत नाही. पाठीचं दुखणं वगैरे काही नाही, स्वभावच तसा. आमच्याकडे आल्या की चहा उभ्याने पितात. बोलता बोलता खिडकीपर्यंत जाऊन येतात, येताना पडदा सरळ करतात, पुन्हा जाताना दारातल्या चपला ओळीत लावतात. आमच्या दोन खोल्यांत असं किती फिरणार? मग गॅलरीत जातात आणि तिथून बोलतात. माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, त्यांना लहानपणापासून भिंगरी म्हणतो. मी ताई म्हणते, निदान तोंडावर तरी.

ताई सरकारी कचेरीत आहेत. दोन-चार डोकी एकत्र येऊन काहीतरी नवीन यंत्र बनवू पाहतात, अशा छोट्या कारखान्यांना सरकार संशोधनासाठी अनुदान देतं. ताई देणाऱ्यांपैकी नाहीत. पैसे देऊन झाले, सगळे विसरून गेले, की काही वर्षांनी ताईंचा विभाग विचारायला जातो. यंत्र झालं का? कुणी विकत घेतलं का? कुणाला नोकरी लागली का? लग्न लावून देणारे वेगळे आणि संसार कसा चाललाय ते विचारणाऱ्या ताई वेगळ्या. साहजिकच त्या कुठे गेल्या की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात.

आता आमच्या घरातलं सांगते. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याचंही वर्कशॉप होतं. एका भाड्याच्या गाळ्यात तो, त्याचा एक मित्र आणि कागदावर मी. तिसरा भागीदार दाखवायचा होता म्हणून माझी सही घेतली होती, नाहीतर मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते दोघं जमिनीखालच्या पाण्याच्या पाइपवर बसवायची एक पेटी बनवत होते. पाइप गळत असेल तर आवाजावरून ओळखून ती वाजणार. वाजायची हो, नाही असं नाही. गळतीला वाजायची, वरून ट्रक गेला तरी वाजायची, शेजारच्या गाळ्यात हातोडा पडला तरी वाजायची. पाणीपुरवठावाल्यांनी हौसेने नेलेल्या पेट्या एकेक करून परत आणून दिल्या, पण नवऱ्याचं म्हणणं, अनुदान मिळालं की सगळं मार्गी लागेल.

अर्ज केला. परीक्षक मार्क देतात आणि सत्तर किंवा त्याच्या वर असलेल्यांना पैसे मिळतात. आमच्या पेटीला पडले एकोणसत्तर.

एवढंच असतं तर माणूस चार दिवस चिडतो आणि गप्प बसतो. पण निकालाआधी नवरा ताईंकडे गेला होता. परीक्षकांपैकी एक जण ताईंच्या ओळखीचे. एक शब्द टाक, एवढंच त्याने मागितलं. ताईंनी शब्द तर टाकला नाहीच, उलट कचेरीत लिहून दिलं की यादीत माझा सख्खा भाऊ आहे, मला त्या बैठकांपासून लांब ठेवा. बरोबरच केलं त्यांनी. मला तेव्हाही बरोबर वाटलं होतं, पण नवऱ्यासमोर ते बोलायची माझी काय टाप!

पुढच्या दीड वर्षात वर्कशॉपला टाळं लागलं. सगळं खापर त्या एका मार्कावर फुटलं आणि मार्काचं ताईंवर. तो एक मार्क जणू आमच्याकडे राहायलाच आला. पाहुणे आले की चहाच्या आधी तो बाहेर यायचा. वीज गेली तरी तोच, कुणाचा भाचा परीक्षेत नापास झाला तरी तोच. नवरा आता पंपांच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे, कामाला चोख आहे, वरचे लोक त्याला मानतात. पण कुणी विचारलं काय करता, की हा खाली बघून सांगणार, दुसऱ्याकडे नोकरी करतो.

ताई मात्र दर रविवारी येतच राहिल्या. तो त्यांना टाकून बोलायचा. आपल्या माणसांसाठी काही करायचं नाही असा काहींचा नियमच असतो, असं भिंतीकडे बघून म्हणायचा. ताई ऐकून घ्यायच्या आणि गॅलरीत जायच्या. एकदा मी कपडे वाळत घालत होते, तर त्या माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाल्या, "मी शब्द टाकला असता तर तो आज उभा असता का गं?"

मी म्हटलं, मला नाही बाई सांगता येणार.

"मलाही नाही," त्या म्हणाल्या. "तेच तर डोकं खातंय."

गेल्या वर्षी त्यांच्या कचेरीला वरून विचारणा झाली. इतकी वर्षं पैसे वाटतोय, त्याने खरंच काही भलं होतं का ते दाखवा. आतापर्यंत काय करायचे, तर पैसे मिळालेल्यांना फोन करून विचारायचे, फायदा झाला का? तो बिचारा नाही कशाला म्हणेल? शिवाय जे हुशार होते ते पैशाशिवायही तरलेच असते, ते कसं कळणार? ताईंनी साहेबांच्या मागे लागून लागून पटवलं की सत्तर-एकाहत्तरवाल्यांना विचारा आणि अडुसष्ट-एकोणसत्तरवाल्यांनाही विचारा. मला समजावताना त्या स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत येरझाऱ्या घालत होत्या. सत्तर आणि एकोणसत्तर यांच्यात अकलेचा फरक नसतो, म्हणाल्या, परीक्षकाला त्या दुपारी झोप येत होती की नाही एवढाच फरक असतो. म्हणजे दोघं सारखेच, एकाला पैसे मिळाले, दुसऱ्याला नाही. आता बघायचं, पुढे दोघांचं काय झालं.

मला लगेच कळलं. सरकारला काय हवंय ते सरकार जाणे, या बाईला एका भावाचं उत्तर हवंय.

मग सुरू झाले फोन. तुम्हाला आम्ही पैसे दिले नव्हते, त्यानंतर तुमचं कसं चाललंय, असं परक्या माणसाला विचारायचं म्हणजे चेष्टा आहे का? मी दातांच्या दवाखान्यात फोन घेते, लोकांची बोलणी खायची मला सवय आहे, पण ताईंनी खाल्ली तेवढी मी जन्मात नाही खाल्ली. जखमेवर मीठ चोळायला फोन केलात का, असं एकाने विचारलं. दुसऱ्याने अर्धा तास फक्त शिव्या दिल्या आणि शेवटी दमून सगळी उत्तरंही दिली. एका बाईंना वाटलं, आता इतक्या वर्षांनी पैसे मंजूर झाले. आनंदाने त्यांना बोलवेना. त्यांना तसं नाही म्हणून सांगावं लागलं, त्या दिवशी ताई आमच्याकडे जेवल्या नाहीत.

असे गेले कित्येक महिने. मग एका संध्याकाळी मी दवाखाना आवरत होते, शेवटचा पेशंट गेला होता आणि ताई आत आल्या. रिकाम्या खुर्च्यांमधून दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाल्या, "फरक नाही."

मला आधी समजेना. मग त्यांनी सांगितलं. रेषेच्या जरा वरचे आणि जरा खालचे, दोन्हींकडे साधारण तेवढेच कारखाने बंद पडले, तेवढेच तगले. पैसे मिळालेल्यांनी थोडी जास्त यंत्रं बनवली, पण ती खपली नाहीत. तो एक मार्क असून-नसून सारखाच होता.

मला इतकं हायसं वाटलं की मी हातातली चावी तशीच ठेवून दिली. म्हटलं, ताई, सुटलात की हो, आजच चला घरी आणि सांगा त्याला. तर बाईसाहेबांचा चेहरा असा, जणू कुणी वाईट बातमी दिलीये.

"माझ्या बाजूने आलंय ना," त्या म्हणाल्या, "म्हणून तर मला ते पटत नाही."

आता काय बोलायचं यापुढे? माणसाला हवं ते मिळालं तर तो देवाचे आभार मानतो, ही बाई त्याच्यात खोट शोधत बसते. बसते कसली, फिरते. त्यांचं म्हणणं असं, की एकोणसत्तरवाल्यांपैकी बऱ्याच जणांनी फोनच उचलला नाही. न उचलणारे म्हणजे कदाचित सगळ्यात जास्त बुडालेले. ते मोजणीतून गळले म्हणून फरक दिसत नसेल तर? साहेब म्हणाले, पुरे झालं, अहवाल द्या. ताईंनी मुदत वाढवून घेतली आणि त्या माणसांना हुडकायला निघाल्या. गाळे बदललेले, नंबर बदललेले, कुणी गाव सोडून गेलेलं. पायाला भिंगरी लावून त्या दारोदार हिंडल्या, सुकून गेल्या. जवळजवळ सगळे सापडले आणि आकडा तिथल्या तिथेच राहिला. राहता राहिला एक.

तो माझ्या घरात वर्तमानपत्र वाचत होता.

सख्ख्या भावाची उत्तरं ताईंना घेता येत नव्हती, नियम होता. म्हणून त्यांचे एक सहकारी फोन करायचे. निवृत्तीला आलेले गृहस्थ, आवाज चढवणं त्यांना ठाऊकच नाही, ताई त्यांना शांतिब्रह्म म्हणतात. नवरा त्यांचा फोन दर वेळी कापायचा. शेवटी त्यांनी अर्जावरचा दुसरा नंबर लावला. तो माझा. दवाखान्यात गर्दी होती, समोर एक म्हातारे गाल धरून उभे, आणि हे अगदी सावकाश विचारताहेत, आपण त्या व्यवसायात भागीदार होतात ना? उत्तरं आपणही देऊ शकता.

खरं सांगते, एक क्षण वाटलं, देऊन टाकावीत. का बंद पडलं ते मला माहीत होतं. पण नवऱ्याच्या पाठीमागे त्याच्या पेटीबद्दल परक्याशी बोलणं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, रविवारी घरी या, त्याच्यासमोर विचारा. घरी जाऊन त्याला सांगितलं तर तो भडकलाच. मीही तोल सोडला. सहा वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतोस, म्हटलं, एकदा ज्यांनी विचारलंय त्यांनाच सांग की. तो वर्तमानपत्र उचलून आतल्या खोलीत गेला.

रविवारी शांतिब्रह्म आले. ताईही आल्या, पण नियम म्हणून आत पाऊल टाकेनात. बाहेर जिन्यापाशी फेऱ्या घालत राहिल्या, त्यांच्या चपलांचा आवाज आत येत होता. नवरा आतल्या खोलीत, दार उघडं. मी उत्तरं द्यायला लागले. कधी सुरू केलं, किती जण होते, किती पेट्या विकल्या, किती परत आल्या. बंद का पडलं, असं त्यांनी विचारलं आणि मी आतल्या दाराकडे बघितलं. आतून नवऱ्याचा आवाज आला, लिहा, एका मार्काने. शांतिब्रह्मांनी शांतपणे तेच लिहून घेतलं. वाद नाही, भुवईसुद्धा हलली नाही.

मग पुढचा प्रश्न आला. अनुदान मिळालं असतं, तर त्या पैशातून काय केलं असतं?

मी म्हटलं, ते त्यालाच विचारा. नवरा बाहेर आला. ताठ मानेने आला, कारण हा त्याचा हक्काचा विषय. "शंभर पेट्या बनवल्या असत्या," तो म्हणाला.

"कोणत्या पेट्या?"

"त्याच."

"म्हणजे होत्या तशाच? की काही बदल करून?"

"तशाच. म्हणजे..." आणि तो थांबला.

शांतिब्रह्म पेन धरून वाट बघत राहिले. त्यांना कसलीच घाई नव्हती. मी नवऱ्याकडे बघत होते. सहा वर्षं त्याने ते पैसे मनातल्या मनात रोज मिळवले होते, खर्च मात्र एकदाही केले नव्हते. ते त्याचं त्यालाच आत्ता उभ्या उभ्या कळत होतं. मला नेहमी वाटायचं की हा असा कधीतरी तोंडावर पडला तर मला बरं वाटेल. अजिबात वाटलं नाही. त्या गृहस्थांना म्हणावं, उठा, जा आता, असं वाटलं.

नसेल सांगायचं तर पुढे जाऊ, शांतिब्रह्म म्हणाले.

"नाही," नवरा म्हणाला. "लिहा. तशाच शंभर." आवाज पार बसला होता. मग म्हणाला, शंभरच्या शंभर परत आल्या असत्या, तेही लिहा.

तेही लिहिलं त्यांनी. नवरा बाहेरच्या दारापाशी गेला आणि दार उघडलं. ताई समोरच होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असणार, आमची दारं कसली पातळ. दोघं बहीणभाऊ एकमेकांसमोर उभे आणि मी मध्ये कशाला जाऊ म्हणून मागेच थांबले.

"ताई," तो म्हणाला, "तू शब्द टाकला असतास तर मी आणखी खोल गेलो असतो."

ताईंचे डोळे भरले. त्यांनी कठडा धरला. हे एक वाक्य ऐकायला ही बाई किती दारं फिरली, किती शिव्या खाल्ल्या, मी डोळ्यांनी पाहिलंय. आता आयतं हातात पडलंय तर घ्यावं ना गुपचूप? पण छे. नाक पुसलं आणि म्हणाल्या, "एकट्या तुझ्यावरून काही ठरत नाही रे."

"माझ्यापुरतं ठरतं," तो म्हणाला.